गाडीखाली थेंब नाही, मग ऑइल गेलं कुठे?

डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, पुसून आत घातली, बाहेर काढली, आणि टोकाला जेमतेम ओल. ऑइल बदलून दोन महिनेही झालेले नाहीत. गाडी उभी असते तिथली फरशी कोरडी, इंजिनावर कुठे ओघळ नाही. मग गेलं कुठे? हा प्रश्न घेऊन गॅरेजमध्ये गेलं की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: “इंजिन ऑइल खातंय. बोअर-पिस्टन करावं लागेल.” म्हणजे इंजिन उघडून सिलिंडरची आतली भिंत (बोअर) आणि पिस्टन यांचं काम.

कधीकधी ते उत्तर बरोबरही असतं. पण बरेचदा ते गाडीकडे धड न बघताच दिलेलं असतं. ऑइल कमी होण्याच्या मुख्य वाटा चार आहेत. त्यातल्या दोन वाटांसाठी इंजिन उघडण्याची सहसा गरजच पडत नाही, आणि एका वाटेवरचा इलाज तर ‘ऑइल थोडं कमी ओता’ एवढाच असू शकतो. कोणती वाट आहे हे कळण्याआधी पाना हातात घेणं म्हणजे ताप का आला ते न बघता पोट फाडण्यासारखं आहे.

इथे बोलतोय ते फोर-स्ट्रोक गाड्यांबद्दल. टू-स्ट्रोक इंजिन ऑइल पेट्रोलबरोबर जाळतंच, ते त्याचं ठरलेलं काम. (त्या गाड्यांवर हात बसलेल्या मंडळींना मागून निघणारा निळा धूर अजूनही खटकत नाही, ही वेगळीच पंचाईत.)

## एवढंसं ऑइल, एवढी कामं

ऑइल फक्त वंगण नसतं. ते धातूच्या भागांमध्ये पातळ पडदा धरतं, पिस्टनच्या तळाची उष्णता उचलतं, काजळी आणि धातूचा चुरा वाहून नेतं, आणि पिस्टन व सिलिंडरमधली सूक्ष्म फट बुजवतं. बहुतेक मोटरसायकलींमध्ये त्यावर आणखी दोन जबाबदाऱ्या असतात: गिअरबॉक्स आणि क्लचसुद्धा त्याच ऑइलमध्ये बुडालेले असतात. कारमध्ये गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असतं.

आता प्रमाण बघा. साध्या कारच्या इंजिनात ३ ते ५ लिटर ऑइल मावतं, १०० ते १५० सीसीच्या मोटरसायकलमध्ये साधारण १ लिटर. कारमधून २०० मिली गेलं तर ४ लिटरमधलं ५ टक्के गेलं. मोटरसायकलमधून तेवढंच गेलं तर २० टक्के. उरलेल्या ऑइलला मग तीच सगळी कामं करायची असतात, म्हणजे ते जास्त वेळा फिरतं, जास्त तापतं, लवकर थकतं. वाऱ्याने थंड होणारं (एअर-कूल्ड) इंजिन गर्दीत रखडलं असेल तर विचारूच नका.

आणि छोट्या गाड्यांमध्ये ऑइल कमी झाल्याचा दिवा बहुधा नसतोच. पहिली तक्रार येते ती इंजिनाच्या अगदी वरच्या भागातून, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टकडून, कारण ऑइल तिथे शेवटी पोचतं. टकटक ऐकू येईपर्यंत कॅमवर ओरखडे पडलेले असतात. ऑइल खाणारं इंजिन वर्षानुवर्षं चालू शकतं. मरतं ते उपाशी राहिलेलं इंजिन. हा फरक लक्षात राहिला तरी अर्धी लढाई जिंकली.

## पहिली वाट: रिंगा

पिस्टन म्हणजे सिरिंजचा दट्ट्या समजा. सिरिंजला टोकाशी रबर असतं, पिस्टनला रबर चालत नाही, कारण वर जळणाऱ्या वायूचं तापमान २००० अंशांच्या पुढे जातं. म्हणून पिस्टनभोवतीच्या खाचांमध्ये लोखंडी कड्या बसवतात. त्या रिंगा. साधारणपणे तीन: वरच्या दोन दाब धरणाऱ्या (दुसरी ऑइल पुसायलाही मदत करते), आणि खालची खास ऑइलसाठी.

ही खालची ऑइल रिंग म्हणजे काचेवरचा वायपर. पिस्टन खाली येताना ती सिलिंडरच्या भिंतीवरचं जास्तीचं ऑइल खरवडते, आणि रिंगेमागच्या बारीक भोकांतून ते खाली परत जातं. वायपर कोरडा फिरला तर काच ओरबाडेल, म्हणून थोडी ओल ठेवावीच लागते. ती ओल टिकावी यासाठी सिलिंडरच्या भिंतीवर मुद्दाम तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा पाडलेल्या असतात. जातं फिरवून गुळगुळीत झालं की त्याला पुन्हा टाकी लावतात ना, तसंच. या रेघा घासून भिंत आरशासारखी झाली, की ऑइल नीट धरलंही जात नाही आणि पुसलंही जात नाही.

रिंगा ‘गेल्या’ असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात दोन निराळ्या गोष्टी आहेत. एक, त्या खरोखर झिजतात. झिजेचं मोठं कारण धूळ: एअर फिल्टर फाटका असेल, किंवा त्याची कड नीट बसली नसेल, तर आत जाणारी धूळ पॉलिश पेपरचं काम करते. दुसरी गोष्ट, रिंगा झिजलेल्या नसतात, अडकलेल्या असतात. ऑइल वेळेवर बदललं नाही, इंजिन वारंवार तापलं, की खाचेत कोळसा जमतो, ऑइल परत जाण्याची भोकं बुजतात आणि वायपर जागच्या जागी थिजतो. अशा इंजिनात ओढ चांगली असते, कॉम्प्रेशनही (सिलिंडरमध्ये धरला जाणारा दाब) उत्तम येतं, आणि तरी ऑइल संपत राहतं. ‘कॉम्प्रेशन चांगलंय म्हणजे रिंगा चांगल्या’ हा निष्कर्ष म्हणूनच फसवा आहे. कॉम्प्रेशन मुख्यतः वरच्या रिंगांबद्दल सांगतं, तिसरीबद्दल गप्प बसतं.

## दुसरी वाट: व्हॉल्व्ह सील

सिलिंडरच्या हेडमध्ये वरखाली होणारे व्हॉल्व्ह असतात. त्यांच्या दांड्यांना वरून ऑइल मिळतं, आणि ते दांडीवरून ओघळून खाली जाऊ नये म्हणून प्रत्येक दांडीला एक छोटी रबरी टोपी असते. ते व्हॉल्व्ह सील. रबर वर्षानुवर्षं तापून कडक होतं, चिरतं, आणि मग ऑइल थेंबाथेंबाने खाली झिरपतं. गाडी रात्रभर उभी असतानाही हे चालूच असतं, म्हणून सकाळी सुरू करताच एक निळा लोट निघतो आणि मिनिटाभरात धूर थांबतो.

सील म्हणजे किरकोळ वस्तू. खर्च होतो तो तिथवर पोचायचा.

## तिसरी वाट: ब्रीदर

रिंगांना चुकवून थोडा वायू नेहमीच खाली, ऑइलच्या बाजूला निसटतो. त्याचा दाब साचू नये म्हणून एक नळी ठेवलेली असते, जी तो वायू एअर फिल्टरच्या डब्यात सोडते. हा ब्रीदर. इंजिनात ऑइल पातळीपेक्षा जास्त भरलं, तर फिरणारे भाग ते घुसळतात, फेस होतो, आणि तो वाफेबरोबर त्या नळीतून फिल्टरकडे निघतो. तिथून इंजिन ते ओढून जाळतं.

माझ्या एका जुन्या गाडीची हीच कथा होती. धूर, तेलकट प्लग, ‘रिंगा गेल्या’चा निकाल, सगळं झालं. शेवटी कळलं की ऑइलचा डबा १ लिटरचा, म्हणून दर वेळी पूर्ण डबा ओतला जात होता, आणि ‘थोडं जास्त असलेलं बरं’ म्हणून वर आणखी. मॅन्युअलमध्ये त्या इंजिनाला ऑइल बदलताना ९०० मिली सांगितलं होतं. मॅन्युअलमध्ये बहुधा दोन आकडे असतात, एक नेहमीच्या ऑइल बदलाचा आणि एक इंजिन पूर्ण उघडून जोडल्यानंतरचा. दुसरा मोठा असतो, कारण नेहमीच्या बदलात कोपऱ्याकापऱ्यातलं थोडं जुनं ऑइल आतच राहतं. चुकीचा आकडा वाचला की पातळी वर गेलीच.

एअर फिल्टरच्या डब्याखाली बऱ्याच गाड्यांना बूच लावलेली छोटी नळी लोंबत असते. तिच्यात ऑइल साचलेलं दिसलं तर शोध तिथूनच सुरू करा.

## चौथी वाट: गळती, पण न दिसणारी

फरशी कोरडी म्हणजे गळती नाही, असं नसतं. काही जागा फक्त इंजिन तापून चालू असतानाच गळतात, आणि बाहेर आलेलं ऑइल वारा मागे पसरवतो. सगळ्यात लबाड जागा पुढच्या चेन स्प्रॉकेटमागचं ऑइल सील. तिथलं ऑइल चेनच्या वंगणात आणि चिखलात मिसळतं, आणि आपण म्हणतो, चेन चांगली ओली आहे! गिअर लिव्हरच्या शाफ्टचं सील, हेड कव्हरचं गास्केट, ड्रेन बोल्टखालचा वॉशर ही बाकीची नेहमीची ठिकाणं.

शोधायची रीत सोपी आहे. इंजिन स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवा, संशयित जागांवर टाल्कम पावडर भुरभुरा, २०-३० किलोमीटर फिरून या. पावडर जिथे ओली आणि काळी झाली, तिच्या वरच्या टोकाशी गळतीचं मूळ असतं. ऑइल खाली आणि मागे जातं, वर चढत नाही.

## पण थोडं कमी होणारच ना?

होणार. वायपरमागची ती ओल थोडीथोडी जळत असते, तापलेल्या ऑइलचा हलका अंश वाफ होऊन जातो. ऑइल किती उडतं हे मोजण्यासाठी नोॲक नावाची चाचणी आहे: २५० अंशांवर १ तास ठेवून किती टक्के घटलं ते बघतात. म्हणजे उडून जाणं हा ऑइलचा मान्य झालेला गुण आहे.

१००० किलोमीटरला १०० मिली घट धरू. ताशी ६० च्या वेगाला इंजिन मिनिटाला ६००० फेरे मारत असेल, तर १००० किलोमीटरमध्ये ६० लाख फेरे आणि, दोन फेऱ्यांना एक या हिशोबाने, ३० लाख स्फोट होतात. १०० मिली म्हणजे सुमारे २००० थेंब. दर १५०० स्फोटांमागे एक थेंब! इतक्या बारीक चुकीबद्दल इंजिनाला दोष देणं जड जातं.

काही कार कंपन्या १००० किलोमीटरला अर्धा, अगदी १ लिटरपर्यंतची घट मर्यादेत धरतात. तो आकडा मोटरसायकलला लावू नका, तेवढ्यात तिच्यातलं सगळं ऑइलच संपेल. छोट्या सिंगल-सिलिंडर गाडीसाठी माझा ढोबळ हिशोब असा: १००० किलोमीटरला १०० मिलीपर्यंत निवांत राहा, २०० च्या पुढे कारण शोधा, ३००-४०० वर गेलं तर टाळाटाळ नको. आकड्यापेक्षाही त्याची चाल महत्त्वाची. दोन वर्षं १२० वर अडकलेली गाडी ठीक आहे. तीन महिन्यांत ५० वरून १५० वर गेलेली ठीक नाही.

## आधी मोजा, मग बोला

‘खूप खातंय’ हे माप नव्हे. इंजिन मॅन्युअलप्रमाणे गरम करा, बंद करून काही मिनिटं थांबा, गाडी सपाट जागी सरळ उभी धरा. साइड स्टँडवर घेतलेलं माप खोटं असतं. डिपस्टिक आटे फिरवून बघायची की नुसती टेकवून, हेही गाडीगणिक वेगळं असतं, आणि नुसत्या त्या फरकाने ऑइल ‘गायब’ झालेलं मी पाहिलंय. पातळी वरच्या खुणेला आणा, किलोमीटर लिहून ठेवा. ५०० किलोमीटरनंतर अगदी तशाच पद्धतीने बघा आणि परत खुणेपर्यंत यायला किती मिली लागलं ते मापाच्या पेल्याने मोजा. असं दोन-तीनदा.

दोन सापळे आहेत. ऑइल आणि फिल्टर बदलल्यावर लगेच घेतलेलं माप धरू नका. नवा फिल्टर पहिल्या फेरीत थोडं ऑइल पिऊन घेतो, तेवढी घट खरी घट नसते. दुसरा उलटा. रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी फिरत असेल तर इंजिन नीट तापत नाही, थोडं न जळलेलं पेट्रोल आणि पाणी ऑइलमध्ये उतरतं. ऑइल कमी होत असतं आणि पातळी मात्र जागच्या जागी दिसते. मग एखाद्या दिवशी लांबच्या प्रवासाला जावं, पेट्रोल-पाणी उडून जावं, आणि पातळी एकदम खाली यावी. माणूस म्हणतो, हायवेने इंजिन बिघडवलं. हायवेने फक्त लपलेला हिशोब उघड केला.

## धूर कधी निघतो, ते जास्त बोलकं

निळसर धूर ऑइलचा. काळा धूर जास्तीच्या पेट्रोलचा, त्याचा इथे संबंध नाही. थंडीत सकाळी निघणारी पांढरी वाफ म्हणजे पाणी, ती आपोआप थांबते.

रात्रभराच्या विश्रांतीनंतर पहिल्या मिनिटातच धूर, किंवा लांब उतार थ्रॉटल बंद ठेवून उतरलात आणि खाली थ्रॉटल देताच लोट: व्हॉल्व्ह सीलवर संशय घ्या. थ्रॉटल बंद असताना इनटेकच्या, म्हणजे हवा आत येण्याच्या, बाजूला जोरदार ओढ तयार होते आणि ती सीलमधून ऑइल खेचते. चढावर, ओझं घेऊन, जोर लावताना सतत धूर: रिंगा. हा अंदाज आहे, निकाल नाही, कारण थकलेल्या रिंगाही उतारावर ऑइल खेचू देतात.

पुढची पायरी कॉम्प्रेशनची. इंजिन गरम, प्लग काढलेला, थ्रॉटल पूर्ण उघडा, गेजवर आकडा बघा. मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा. आकडा चांगला वाढला, तर त्या ऑइलने रिंगांची फट बुजवली, म्हणजे दाब तिथूनच जात होता. नाही वाढला, तर दाब व्हॉल्व्हकडून किंवा गास्केटकडून जातोय. हल्लीच्या बऱ्याच इंजिनांत सुरू करताना दाब मुद्दाम कमी करणारी यंत्रणा असते, त्यामुळे आकडा कमी दिसून घाबरायला होतं. अशा वेळी लीक-डाउन चाचणी मागा: सिलिंडरमध्ये हवा भरायची आणि ती कुठून फुसफुसते ते ऐकायचं. एअर फिल्टरकडून आवाज आला तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या भोकातून आला तर रिंगा. कानांना कळणारी इतकी सरळ तपासणी दुसरी नाही.

## मला तर धूर दिसतच नाही

शक्य आहे. सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू निरुपद्रवी करणारी जाळी, थोडं ऑइलही जाळून टाकते. धूर दिसत नाही, ऑइल मात्र जातं. हे फुकट होत नाही: ऑइलमधला फॉस्फरस त्या जाळीवर बसून हळूहळू तिला निकामी करतो. प्लग काढून बघा. कोरडी मऊ काजळी पेट्रोलकडे बोट दाखवते, ओला चकचकीत काळेपणा किंवा खडबडीत राखेचा थर ऑइलकडे.

## जाड ऑइल टाकलं तर?

सगळ्यात लोकप्रिय उपाय. १०डब्ल्यू-३० ग्रेडच्या जागी त्याहून जाड २०डब्ल्यू-५० टाकलं की घट खरंच थोडी कमी होते. पण सकाळी थंड इंजिनात तेच जाड ऑइल कॅमपर्यंत उशिरा पोचतं, आणि झीज सुरुवातीच्या त्या क्षणांतच बरीच होते. मॅन्युअलने दोन-तीन ग्रेड चालतील असं सांगितलं असेल तर त्यातली जाड निवडायला हरकत नाही. त्या यादीबाहेर जाऊ नका. मात्र बुजलेल्या ऑइल रिंगेवर जाड ऑइलचा काही उपयोग नाही, तिथे चांगलं डिटर्जंट असलेलं ऑइल आणि नेहमीपेक्षा लवकर बदल यांनी कधीकधी रिंग सुटते. दोन-तीन बदल करून बघण्यासारखा प्रयोग आहे.

बाटलीतल्या जादुई औषधांबद्दल माझं मत वाईट आहे. शिवाय घर्षण कमी करणारी काही रसायनं त्याच ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला घसरवतात. याच कारणाने मोटरसायकलच्या ऑइलच्या डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलचं जपानी मानक) बघायचं, कारचं ऑइल ओतायचं नाही.

## वरून टाकतोच आहे, मग बदलायचं कशाला?

कारण नवीन ऑइल आलं तरी जुना कचरा गेलेला नसतो. जळतं ते ऑइल, मागे राहतात काजळी, आम्लं आणि धातूचा चुरा. आणि याच कचऱ्याने रिंगा अडकतात. ऑइल खाणाऱ्या गाडीला बदलाची मुदत थोडी अलीकडे आणावी.

## शेवटी उघडावंच लागलं तर

मग मोजमाप मागा. जुनी रिंग सिलिंडरमध्ये सरळ ढकलून तिच्या टोकांमधली फट फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी, मोजता येते, बोअर गोल राहिलाय का हे बोअर गेज सांगतो. बोअर ठीक असेल तर भिंतीला नव्या तिरप्या रेघा पाडून नव्या रिंगा पुरतात. बोअर लंबगोल झाला असेल तर नुसत्या रिंगा टाकणं म्हणजे वाकड्या चौकटीला नवं दार. लोखंडी सिलिंडर मोठा करून त्यात ०.२५ किंवा ०.५० मिमी मोठा पिस्टन बसवता येतो. आतून निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा लेप असलेला सिलिंडर साध्या पद्धतीने मोठा करता येत नाही, तो बदलतात किंवा पुन्हा लेप देतात. आणि हेड उघडलंच आहे तर व्हॉल्व्ह सील त्याच वेळी टाकून घ्या. न टाकणारा मेकॅनिक भेटला तर कारण विचारा.

काम झाल्यावर पहिले काहीशे किलोमीटर गाडी फार हळू, एकाच वेगाने चालवू नका. रिंगा भिंतीवर दाबल्या जातात ते मुख्यतः जळलेल्या वायूच्या दाबाने. दाबच पडला नाही तर त्या बसत नाहीत, भिंत गुळगुळीत होते, आणि नवं इंजिनही ऑइल खाऊ लागतं. वेग कमी-जास्त करत, मध्यम जोर देत, न तापवता चालवा.

## जुनी गाडी बघायला जाताना

विकणाऱ्याला आधीच सांगा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. व्हॉल्व्ह सीलचा धूर पहिल्या मिनिटातच दिसतो, गरम इंजिनावर तो लपून जातो. पोचल्यावर आधी इंजिनाच्या बाजूला हात लावा. कोमट लागलं, तर चहा नको म्हणा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा.